दाराची कडी

"मावशी, चपला हातात घ्या. जिना वाजतो," भारतीताई पुटपुटली.

अव्वानं, माझ्या आईनं, चपला काढून हातात घेतल्या. मी अनवाणीच होते. मागच्या दारानं, न्हाणीघरांच्या ओल्या बोळातून आम्ही तिघी वर चढलो. रविवारची दुपार होती. जेवून मुली आपापल्या खोल्यांत पडल्या होत्या. कुठंतरी रेडिओ बारीक आवाजात चालू होता. दुसऱ्या मजल्याच्या टोकाला रोझलिनताई दार धरून उभी होती आणि हातानं 'लवकर, लवकर' करत होती.

मिरजेतल्या एका मोठ्या दवाखान्याचं ते नर्सिंगचं हॉस्टेल. भारती मगदूम आणि रोझलिन गायकवाड दोघी दुसऱ्या वर्षाला होत्या. बाहेरच्या माणसाला खोलीत आणायला सक्त बंदी. मुलींच्या आईवडलांनासुद्धा खालच्या व्हरांड्याच्या पुढं येऊ देत नसत. आणि आम्ही तर त्यांच्या कुणीच नव्हतो. हॉस्टेलच्या कंपाउंडच्या भिंतीला टेकून रस्त्यावर राहणाऱ्या मायलेकी होतो. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेन.

खोलीत दोन लोखंडी कॉट होत्या, मधे एक टेबल, भिंतीवर हाडांच्या सापळ्याचं चित्र. रोझलिनताईनं कॉटवर धुतलेली चादर घातली होती.

"झोपा मावशी."

"कॉटवर नगं. खाली बरं वाटतं," अव्वा म्हणाली. ती चित्राकडे बघत नव्हती, कॉटकडे बघत नव्हती. ती दाराकडे बघत होती. "ह्याला कडी हाय नव्हं?"

"आहे की. ही बघा."

अव्वा दाराशी गेली. कडी लावली. काढली. परत लावली आणि दार हातानं ओढून बघितलं. दार हललं नाही. मग तिनं कडी काढली आणि त्या दोघींना म्हणाली, "तुमी बाहीर बसा. नंदा आतनं लावंल."

"आम्ही गॅलरीतच आहोत, पुस्तकं घेऊन. काही लागलं तर हाक मार गं," भारतीताई मला म्हणाली आणि दोघी बाहेर गेल्या. मी टाचा उंच करून कडी लावली.

मी मागं वळले तोवर अव्वा झोपली होती. नीट आडवीसुद्धा झाली नव्हती. कॉटवरची चादर खाली ओढायला म्हणून फरशीवर बसली असावी, तशीच कलंडली होती. एक हात अंगाखाली अडकला होता. मी तो हळूच सोडवला. तिला कळलं नाही.

अव्वाला असं झोपलेलं मी कितीतरी महिन्यांत पाहिलं नव्हतं.

आम्ही मूळचे जतकडचे. आप्पा एका बागायतदाराच्या द्राक्षमळ्यात सालगडी होते. मळ्यातच पाण्याच्या मोटारीच्या खोलीला लागून एक पत्र्याची खोली होती. तिथं मी जन्मले, तिथंच चालायला शिकले. अव्वानं दारात तुळस लावली होती, भिंतीला दर दिवाळीला पांढरी माती फासायची. ती खोली आमची नाही, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. आप्पांचं पोट दुखायला लागलं, मिरजेला आणलं, आणि ते वॉर्डात पडून असतानाच मालकानं दुसरा गडी ठेवला. मालक वाईट नव्हता. बागेची छाटणी थांबत नाही. नवा गडी आला तो बायकोपोरं घेऊन आला आणि आमच्या खोलीत उतरला. आमची भांडी मालकिणीनं पोत्यात भरून गोठ्यात नीट ठेवली होती.

आप्पा वारल्यावर मामाकडे गेलो. मामाची एकच खोली, त्यात सात माणसं. मामी तोंडानं काही बोलली नाही, पण रोज एक भाकरी कमी थापायला लागली. एका सकाळी अव्वानं माझी वेणी घातली आणि म्हणाली, "चल नंदे." ओळखीचं शहर म्हणजे मिरज. दवाखान्यासमोरच्या खानावळीत भांडी घासायचं काम मिळालं. खोलीला अनामत मागायचे, ती कुठली असणार? तेवढ्यापुरतं म्हणून भिंतीपाशी पथारी टाकली.

पहिले काही दिवस अव्वा झोपायची, माझ्या अंगावर हात टाकून. मग एकदा कुणीतरी माझ्या पायावरची वाकळ ओढली. अव्वा ओरडली, तो माणूस पळाला. मला अर्धवटच आठवतं. पण त्या दिवसापासून अव्वा आडवी झाली नाही. मला भिंतीकडे निजवायची आणि माझ्या आडवी बसून राहायची, पाठ ताठ करून.

दिवसा डोळे मिटायला लागायचे. खानावळीत परातीवर पेंगायची. एकदा काचेचे ग्लास फुटले, काम गेलं. मग एका लॉजवर झाडायला लागली. तिथं जिन्यावर झाडू हातात धरून झोपलेली सापडली. मॅनेजर म्हणाला, "बाई पिते." तेही गेलं. दिवसा मी राखण करते, तू झोप, असं मी म्हणायचे. पण रस्त्यावर दिवसा झोपलेल्या बाईला लोक पायानं हलवून बघतात. 'मेली का काय?' म्हणतात. आणि दिवसा झोपली तर काम कधी शोधायचं? झोप नाही म्हणून काम टिकेना, काम टिकेना म्हणून खोली मिळेना, आणि खोली नाही म्हणून झोप नाही. हे मी आज सांगू शकते. तेव्हा एवढंच कळत होतं की अव्वा चिडचिडी झाली आहे, आणि कधीकधी माझं नाव विसरते.

पावसाळा सरता सरता हॉस्टेलच्या मुली सेवा सप्ताहासाठी आल्या. कडक इस्त्रीचे गणवेश, हातात केळी, बिस्किटाचे पुडे, दोन घोंगड्या. एकीनं आमचा फोटो काढला. अव्वानं पदर पुढं ओढला. केळी आम्ही खाल्ली. त्यातली एक उंच मुलगी दुसऱ्या दिवशी एकटीच आली आणि रस्त्यावर आमच्याशेजारी उकिडवी बसली. ती भारतीताई.

"मावशी, काल आम्ही आमच्या मनानंच वस्तू आणल्या. तुम्हाला खरंच काय पाहिजे?"

अव्वाला हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

"कडी पायजे बघ, ताई."

भारतीताईनं मान हलवली आणि गेली. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आली. डब्यात गरम भात आणि मेसमधून मागून आणलेली कढी. कढीपत्ता तरंगत होता. अव्वानं डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघींनी तो सगळा भात खाल्ला, डबा पुसून घेतला. मग अव्वा म्हणाली,

"लई चांगली झाली हुती, ताई. पण ही न्हवं. मी दाराची म्हणत हुते. आतनं लावायची."

भारतीताई परत उकिडवी बसली. मग तिनं एकेक विचारायला सुरुवात केली. कधीपासून? का? गावी का जात नाही? नातेवाईक नाहीत का? अव्वानं सगळं सांगितलं, पेंगत, मधेच विसरत. भारतीताई ऐकत राहिली. तिची ड्यूटीची वेळ झाली तरी उठेना. उठली तेव्हा एवढंच म्हणाली, "रविवारी दुपारी वॉर्डन झोपतात. तुम्ही मागच्या दाराशी या."

म्हणून आम्ही त्या खोलीत होतो.

मी भिंतीला टेकून अव्वाकडे बघत बसले. तिचं तोंड थोडं उघडं होतं. कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. मला एकदम ती लहान वाटायला लागली, हॉस्टेलच्या मुलींएवढी. लहानच होती की. तिशी तरी ओलांडली होती की नाही कुणास ठाऊक.

ऊन खिडकीतून सरकत टेबलावर गेलं, मग भिंतीवर. मला भूक लागली, मी गप्प बसले. आणि मग अव्वा बोलली. अगदी स्पष्ट.

"या की आता. पाय धुऊन या."

मी दचकले. तिचे डोळे मिटलेलेच होते.

"पाणी ठेवलंय बघा दारात," ती म्हणाली आणि हसली.

त्या आवाजात ती माझ्याशी कधी बोलत नसे. तो आवाज मळ्यातला होता. दिवस मावळताना आप्पा बागेतून यायचे, दारात पाय धुवायचे, आणि आत चुलीपाशी अव्वा असं बोलायची. मी श्वास धरून बसले. ती आणखी काय काय पुटपुटत राहिली. शब्द कळत नव्हते, पण मधे मधे ती थांबायची, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी, आणि मग उत्तर द्यायची.

तेवढ्यात बाहेर चपलांचा आवाज आला.

रविवारच्या दिवशी दोन मुली आपली खोली सोडून गॅलरीत फरशीवर बसून पुस्तक वाचत आहेत, हे बघून कुठल्याही वॉर्डनला संशय येणारच. वॉर्डन थोरात सिस्टर जाड, उंच, आवाजाच्या करड्या. सगळं हॉस्टेल त्यांना टरकून असायचं.

"इथं काय चाललंय?"

"अभ्यास, सिस्टर," रोझलिनताई म्हणाली.

"खोलीत काय झालं?"

"काही नाही सिस्टर. आत कुणी नाही."

"मग कडी आतून कुणी लावली?"

 दारावर थाप पडली. "कोण आहे आत? दार उघडा!"

अव्वा हलली. मी पटकन दाराशी गेले आणि फटीला तोंड लावलं.

"हळू बोला. अव्वा झोपलीया."

 मग आवाज जरा खाली आला. "कोण अव्वा?"

"माजी."

"आणि तू कोण?"

"महानंदा."

"महानंदा, दार उघड. मी मारणार नाही तुला."

"उघडते की. पण आत्ता न्हाई."

"आत्ता का नाही?"

मी मागं वळून बघितलं. अव्वा कुशीवर वळली होती, तोंड भिंतीकडे.

"आत्ता ती घरी हाय," मी म्हणाले.

"घरी म्हणजे?"

"मळ्यात. आप्पांशी बोलतीया." मला रडू यायला लागलं होतं, पण आवाज वाढवायचा नव्हता. "तुमी तिला उठिवलं तर आप्पा परत जातील."

 मग थोरात सिस्टर कुणालातरी हळूच विचारताना ऐकू आल्या, "वडील कुठे आहेत हिचे?"

"वारले, सिस्टर," भारतीताई म्हणाली. "आपल्याच मेल वॉर्डमध्ये. ह्या दोघी भिंतीपाशी राहतात. पोरीसाठी बाई रात्रभर बसून असतात. बसल्या बसल्या डुलकी लागेल तेवढीच झोप."

"कधीपासून?"

"पावसाळ्याच्या आधीपासून."

"आणि तू तिला काय दिलंस? केळी?"



मला वाटलं आता दार तोडतील. मी दोन्ही हातांनी कडी धरून उभी राहिले. पण बाहेर वेगळंच चाललं होतं. थोरात सिस्टरनी मोलकरणीला हाक मारली. "पारू, चहाची घंटा वाजवू नकोस आज."

"मंग पोरी येनार कशा चहाला?"

"खोलीखोलीत जाऊन सांग. आणि गोंगाट करायचा नाही म्हणावं. पेशंट आहे वर."

थोड्या वेळानं दारासमोरून पावलं जायला लागली. पुष्कळ पावलं, पण हलकी. कुणीतरी कुजबुजलं, कुणीतरी 'शू' केलं. साठ-सत्तर मुली त्या जिन्यावरून खाली उतरल्या आणि जिना वाजला नाही.

मग थोरात सिस्टरचा आवाज आला, त्या दोघींशी बोलताना. "दिवाळीला तुम्ही घरी जायचं नाही. इथेच ड्यूटी. नियम मोडलाय तुम्ही."

"हो, सिस्टर."

"आणि आज झोपेल ती. उद्या कुठं झोपेल? त्याचा विचार केलाय?"

"नाही, सिस्टर."

"मग करा."

अव्वा उठली तेव्हा खिडकीत अंधारून आलं होतं. ती आधी नुसती छताकडे बघत पडून राहिली. पंखा फिरत होता, त्याच्याकडे बघत राहिली. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"म्या काय बोलले का गं झोपंत?" तिनं विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले.

तिनं चादरीची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा लावून. पदर सारखा केला. स्वतः कडी काढली. बाहेर थोरात सिस्टर खुर्ची टाकून बसल्या होत्या. अव्वा एकदम वाकली.

"बाई, पोरींना काय बोलू नगा. चूक माजी."

"त्यांना बोलायचं ते बोलून झालं माझं," सिस्टर म्हणाल्या. "झोप झाली का?"

अव्वानं मान हलवली.

"खाली जाऊन जेवा दोघी."

आम्ही जेवलो आणि परत भिंतीपाशी आलो. दुसरं कुठं जाणार होतो? अव्वा माझ्या आडवी बसली, रोजच्यासारखी. पण वर हॉस्टेलच्या गॅलरीत त्या दोघी बराच वेळ उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचे प्रश्न बदलले. काय पाहिजे हे त्यांनी परत विचारलं नाही. काय काय येतं, ते विचारायला लागल्या. अव्वानं सांगितलं, भाकऱ्या येतात, गुरांचं येतं, बाळंतिणीचं येतं, आणि आप्पांचं चार महिने अंथरुणात सगळं केलं होतं, कूस बदलण्यापासून. रोझलिनताई म्हणाली, "काम आणि राहायची जागा एकत्रच मिळायला पाहिजे. एकेक शोधत बसलो तर दोन्ही हातचं जाईल." वॉर्डात काम करणाऱ्या मुलींना ठाऊक असायचं कुठला पेशंट घरी चालला आहे आणि त्याचं बघायला घरात कुणी नाही. त्यांनी सगळ्या बॅचला कामाला लावलं. आणि थोरात सिस्टरनी, काही न बोलता, संध्याकाळी शिकवायच्या खोलीची किल्ली भारतीताईच्या हातात दिली.

तिथं माणसाएवढी रबरी बाहुली होती. तिच्यावर मुलींनी अव्वाला स्पंज कसा करायचा, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस कशी बदलायची, ताप कसा बघायचा ते शिकवलं. पहिल्या दिवशी अव्वा त्या बाहुलीला हातच लावेना. मग तिनं आधी बाहुलीच्या अंगावर चादर घातली, 'उगं उघडी कशाला ठेवायची तिला' म्हणाली, आणि मग हात लावला. मुली हसल्या. पण पुढं मी बघितलं, त्यासुद्धा आधी चादर घालायला लागल्या.

दिवाळीच्या तोंडावर सांगलीत एका लुळ्या पडलेल्या आजींकडे काम मिळालं. मागच्या बाजूला एक खोली. त्या दिवाळीला घरी न जाता आलेल्या दोन मुली आम्हाला पोचवायला आल्या. अव्वानं आत जाऊन दार लावून बघितलं. मग बाहेर येऊन म्हणाली, "हे बी कामाचंच घर हाय, ताई. आजी हाईत तवर."

भारतीताई म्हणाली, "हो मावशी. ते नाही जमलं आम्हाला."

"आगं, मी कुरकुर न्हाई करत. म्हाईत असावं म्हणून म्हणते."

तसंच झालं. त्या आजी गेल्या, मग दुसऱ्या एक आल्या, मग एक आजोबा. दर वेळी आमचं पोतं उचललं, पण दर वेळी जायला पुढचं दार होतं. तेवढ्या वर्षांत माझं शिक्षण झालं. मी एसटीत कंडक्टर म्हणून लागले, आणि कुपवाडला दोन खोल्या घेतल्या. आमच्या.

भारतीताईला कोकणात कुठंतरी सरकारी नोकरी लागली. काही दिवस पत्रं आली, मग थांबली. आम्हीच सारख्या घरं बदलत होतो, तिनं तरी पाठवायचं कुठं? अजून गाडीत एखादी उंच, पांढऱ्या कपड्यातली मुलगी चढली की तिकीट फाडता फाडता माझी नजर तिच्या तोंडाकडे जाते. भारतीताई आता पन्नाशीला आली असेल, हे त्या वेळी लक्षातच राहत नाही.

परवा उन्हाळ्यात माझी सुट्टी होती. जेवणं झाली होती. अव्वा पलंगावर पडली होती, मी खाली शेंगा फोडत बसले होते. उगाच आठवलं म्हणून मी म्हणाले,

"अव्वा, त्या दिवशी हॉस्टेलात तू झोपेत बोलत होतीस."

"ठाव हाय."

"ठाऊक आहे? कसं?"

"त्या बाईनं दार वाजिवलं तवा जाग आली की मला."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. "म्हणजे तू सगळं ऐकलंस?"

"तू कडी धरून हुबी हुतीस. म्हटलं, पोरगी शाणी झाली."

"मग उठली का नाहीस?"

तिनं कूस बदलली. मला वाटलं, डोळा लागला असेल. मग भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली,

"दवाखान्यात शेवटाला पाणीसुदिक उतरत नव्हतं त्यांच्या घशाखाली. बघितलंयस तू. तितं मळ्यात बरं हुते. पाय धुऊन आले, बसले. म्या ताट वाढलं. दोन घास खाल्ले असतील नसतील, आन् दार वाजलं."

"मग?"

"मग काय? डोळं मिटून पडले तशीच. म्हटलं, जेवू दे त्यास्नी पोटभर."